पाठीमागचे टेकू

आमच्या पुतण्याने विलायतेत स्वतःच्या हातांनी मोटार बांधावयास घेतली आहे, ही वार्ता प्रथम घरी आली तेव्हा तिच्यावर कोणाचाच विश्वास बसला नाही. लहानपणी ज्याला सायकलची निसटलेली साखळी बसविता येत नसे, आणि पुढे ज्याने संगणकापुढे बसून पोट भरण्याचा मार्ग पत्करला, तो लोखंड कापून मोटार उभी करणार म्हणजे काय! "विकत घेण्याइतके पैसे त्याच्यापाशी उरले नाहीत की काय?" अशी शंका वहिनींनी बोलून दाखविली आणि चिंतातुर मुद्रेने आमच्याकडे पाहिले. परंतु गेल्या उन्हाळ्यात वहिनींसह आमचे तिकडे दोन महिने राहणे झाले, आणि घरामागील पत्र्याच्या शेडमध्ये ती मोटार आम्ही प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिली. अडचण पैशांची नव्हती; सगळा मामला हौसेचा होता.

या हौसेला त्या देशात चांगली जुनी परंपरा आहे. कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने १९५७ साली 'सेव्हन' नावाची एक लहानशी, उघडी, दोन माणसांची मोटार बाजारात आणली. त्या काळी इंग्लंडात तयार मोटारीवर खरेदी-कर द्यावा लागे, सुट्या भागांवर तो पडत नसे. म्हणून पुष्कळ गिऱ्हाईके ती मोटार सुट्या भागांच्या रूपाने घेत आणि घरी आणून जोडीत. १९७३ साली तो कर गेला, आणि त्याच साली सेव्हनचे हक्क केटरहॅम कंपनीकडे आले. परंतु घरी मोटार जोडण्याची आवड मात्र गेली नाही. पुढे १९९६ साली रॉन चॅम्पियन यांनी अवघ्या अडीचशे पौंडांत अशी मोटार कशी बांधावी याचे एक पुस्तकच लिहिले. चौकोनी पोलादी नळ्यांचा सांगाडा स्वतः जोडावयाचा, आणि एखाद्या जुन्या फोर्ड एस्कॉर्टचे इंजिन व इतर सामान काढून त्यात बसवावयाचे, अशी ती युक्ती. आमच्या पुतण्याने याच वाटेने पाऊल टाकले होते. अडीचशे पौंडांचा आकडा त्याने केव्हाच मागे टाकला होता, आणि किती मागे टाकला हे तो आईसमोर बोलत नव्हता, एवढेच.

मोटार खरोखरच देखणी होती. तिला छप्पर नाही, दारे नाहीत. बसावयाचे ते जमिनीपासून वीतभर उंचीवर, पाय पुढे लांब पसरून. आसनांच्या पाठीमागे, दोन्ही बाजूंस पाय रोवून, एका गोल नळीची कमान उभी होती. तिला तिकडे रोल-बार म्हणतात. मोटार उलटली तर तिचा भार माणसांच्या डोक्यांवर न येता या कमानीवर यावा, एवढेच तिचे काम. पुतण्याने तिला असा चकचकीत मुलामा देवविला होता की तीत आमची मुद्रा दिसत होती. "हिला मागून टेकू लावीत नाहीत का रे?" असे आम्ही सहज विचारले. "लावतात, काका, पण मोटारीची पाठ फार विद्रूप दिसते," तो म्हणाला. आम्हीही मान डोलाविली.

येथे आम्हांस एक कबुली दिली पाहिजे. तीस वर्षे आम्ही अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना कैच्यांचे गणित शिकविले. छपराला, पुलाला, पाण्याच्या टाकीच्या मनोऱ्याला तिरपा टेकू का लागतो, हे फळ्यावर काढून दाखविताना आमचे किती खडू झिजले असतील याची गणती नाही. तरीही त्या कमानीपुढे उभे राहून आम्ही मान डोलाविली. घरच्या मुलाचे कौतुक डोळ्यांवर आले, की माणूस शिकलेले विसरतो हेच खरे.

दोष सापडला तो आम्हांस नव्हे, वहिनींस. पुतण्याच्या मुलीला सोळावे वर्ष लागावयाचे होते, आणि वाढदिवशी पहिली फेरी तिला मारून आणण्याचे वचन बापाने दिले होते. त्या उत्साहात तिने, "आजी, तू बसून बघ ना," असा हट्ट धरला. पातळ सावरीत, दोघांचा आधार घेत वहिनी त्या आसनात कशाबशा उतरल्या. मुलाने त्यांना हार्नेस बांधला, म्हणजे दोन पट्टे कमरेवरून, दोन खांद्यांवरून, आणि चौघांची गाठ पोटापुढील एका कडीत. पट्टे आवळताच वहिनी म्हणाल्या, "भावोजी, हा पट्टा मला मागे धरीत नाही हो, खाली दाबतो आहे. डोक्यावर भरला हंडा घेतल्यासारखे मणक्यात येते."

आम्ही आसनामागे वाकून पाहिले. खांद्यांवरचे पट्टे पाठीच्या कडेवरून वळून थेट खाली उतरले होते, आणि त्यांची टोके मोटारीच्या तळाशी बोल्टाने आवळली होती. आमच्या कानामागे काहीतरी गरम झाले. उठून आम्ही त्या चकचकीत कमानीला हात घातला व जोराने पुढेमागे ढकलून पाहिले. ती हलली. साठी उलटलेल्या माणसाच्या एका हाताने जी हलली, ती सहाशे किलोच्या मोटारीला उलट्या स्थितीत कशी तोलून धरणार?

त्या रात्री जेवणे आटोपल्यावर आम्ही केरसुणीच्या चार काड्या मागून घेतल्या, आणि त्यांची टोके दोऱ्याने सैलसर बांधून एक चौकोन केला. एका कोपऱ्यावर बोट ठेवताच तो तिरपा होऊन चपटला. मग आम्ही त्यात कोनाकोनी पाचवी काडी बांधली. आता बोटाने दाबले तरी तो आकार सोडीना. काड्या त्याच, दोरा तोच. फरक एवढाच की चौकोनाचे दोन त्रिकोण झाले. त्रिकोणाची एखादी बाजू तुटल्याखेरीज, वाकल्याखेरीज किंवा लांबी बदलल्याखेरीज त्याचा आकार बदलत नाही. आपल्या जुन्या घरांचे छप्पर वर्षानुवर्षे पाऊस सोसते ते याच आधारावर. टेकू नसलेली कमान म्हणजे जमिनीत रोवलेली नुसती काठी. वरून भार आला तर ती काही काळ तग धरील. परंतु उलटलेली मोटार जागच्या जागी पडत नाही, ती वेगाने घसरत जाते. जमीन कमानीला मागे रेटते, आणि मग सारा ताण कमानीच्या पायापाशी गोळा होऊन ती तेथेच मोडून पडते.

पुतण्या ऐकत होता. मग तो म्हणाला, "पण पट्ट्यांचे काय, काका? ते तर तळाशी भक्कम आहेत."

पट्ट्यांचे गणितही अवघड नाही. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार कशावर तरी आदळून अर्ध्या मीटरात थांबली, तर ७० किलो वजनाच्या माणसास पुढे फेकणारा सरासरी जोर सुमारे १४०० किलोंच्या भाराइतका असतो. हा जोर पट्ट्यांनी पेलावयाचा. खांद्यावरचा पट्टा मागे जवळजवळ आडवा गेला, तर तो माणसास मागे धरतो. परंतु तो खांद्यावरून वळून खाली उतरला, तर जितका ताण अधिक तितके खांदे खाली खेचले जातात, आणि ती सारी दाब पाठीच्या कण्यावर येते. पट्टा आडव्या रेषेखाली २० अंश उतरला असेल तर मागील ताणाचा सुमारे एक तृतीयांश भाग खाली ओढतो. ४५ अंशांस सात दशांश. आणि आमच्या पुतण्याने बांधले होते त्या कोनात जवळजवळ नऊ दशांश. पॅरिसमध्ये १९०४ साली स्थापन झालेल्या एफ.आय.ए. या आंतरराष्ट्रीय मोटार-संस्थेच्या नियमांत म्हणूनच असे आहे, की खांद्यांचे पट्टे मागे जाताना आडव्या रेषेखाली ४५ अंशांहून अधिक उतरू नयेत, आणि होता होईतो १० अंशांच्या आतच राहावे. वहिनींना हा नियम ठाऊक नव्हता. त्यांच्या मणक्याला ठाऊक होता.

यावर उपाय उघड होता. खांद्यांच्या पातळीजवळ, कमानीच्या दोन पायांमध्ये एक आडवी नळी जोडावयाची, आणि पट्टे तिला अडकवावयाचे. परंतु येथेच दोन्ही प्रश्नांची गाठ पडते. टक्कर झाली की पट्टे त्या आडव्या नळीला पुढे ओढणार, म्हणजेच सारी कमान पुढे ओढणार. मागे टेकू नसतील तर कमान पुढे झुकेल, पट्टे ढिले पडतील, आणि माणूस पुढे आपटेल. म्हणजे उलटण्याच्या वेळी जे टेकू कमानीला मागे पडू देत नाहीत, तेच टेकू टकरीच्या वेळी तिला पुढे जाऊ देत नाहीत. एका प्रसंगी ते दाब सोसतात, दुसऱ्या प्रसंगी ओढ. घरातील वडील माणसांचेही काम याहून फारसे वेगळे नसते, असे आमच्या मनात आले. पण पुतण्यासमोर आम्ही ते बोललो नाही.

दुसरीही एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. साध्या मोटारीतील एकेरी पट्ट्यात माणसाचे धड थोडेफार बाजूस कलते. वरून काही कोसळले तर त्याखालून वाकण्यास जागा राहते. चार पट्ट्यांच्या हार्नेसने बांधलेला माणूस खांबासारखा ताठ राहतो. वरची कमान भक्कम असेल तर हाच ताठपणा त्याला वाचवितो; ती कच्ची असेल तर हाच त्याचा घात करतो. माणसाला बांधावयाचे असेल, तर आधी त्याच्या डोक्यावरचा आधार पक्का केला पाहिजे. आधार नसता बंधन घालणे हा अन्यायच होय, मग तो मोटारीत असो की अन्यत्र.

"पण मी काही शर्यतीला जाणार नाही, काका," पुतण्याने शेवटचा बचाव केला. "सुटीच्या दिवशी चार मैल हिंडून येणार."

शर्यतवाल्यांनीही एके काळी असे पुष्कळ बचाव केले आहेत. फॉर्म्युला वनच्या शर्यतींत रोल-बार १९६१ साली सक्तीचा झाला, परंतु पट्ट्यांची सक्ती होण्यास १९७२ साल उजाडावे लागले. मोटारीने पेट घेतला तर बांधलेला माणूस होरपळेल, त्यापेक्षा बाहेर फेकला गेलेला बरा, असा तोपर्यंत अनेकांचा समज होता. आणि त्या काळच्या आगी आठवल्या म्हणजे त्या समजास हसवत नाही. योखेन रिंट हा गुणी शर्यतपटू याच भीतीपायी मांड्यांमधून जाणारे पट्टे बांधीत नसे. ५ सप्टेंबर १९७० रोजी इटलीतील मोंझा येथे सरावात त्याची लोटस मोटार कठड्यावर आदळली. शरीर कमरेच्या पट्ट्याखालून पुढे सरकले, आणि ज्या पट्ट्याने राखावयाचे त्यानेच त्याच्या गळ्याशी घात केला. त्या वर्षीचे जगज्जेतेपद त्याला मरणोत्तर मिळाले. तसा मान आजवर दुसऱ्या कोणाच्या वाट्यास आलेला नाही, आणि कधी न येवो.

ही गोष्ट जुनी म्हणावी, तर अगदी अलीकडची पुतण्याला स्वतःच ठाऊक होती. ३ जुलै २०२२ रोजी सिल्व्हरस्टोनच्या शर्यतीत झोऊ ग्वानयू याची मोटार आरंभीच उलटली व जमिनीवर घसरत गेली. जगातील निष्णात कारागिरांनी घडविलेली, कसोट्यांतून उतरलेली तिची डोक्यामागची कमान त्या घसरणीत टिकली नाही. २०१८ पासून सक्तीचे झालेले 'हेलो' नावाचे डोक्याभोवतीचे कडे होते, म्हणून तो मनुष्य चालत घरी गेला. पुढच्या वर्षापासून कमानीचे नियम अधिक कडक झाले. "त्यांच्या कमानीमागे केवढी विद्या होती, आणि तुझ्या कमानीमागे काय आहे?" असे आम्ही विचारले. तो बराच वेळ काड्यांच्या त्या चौकोनाकडे पाहत बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेडमधून करवतीचा आवाज येऊ लागला. त्याने कमान कापून काढली होती, आणि तिच्या पायापाशी स्वतः केलेला वेल्डिंगचा सांधा उभा चिरून तो आम्हांस दाखवावयास घेऊन आला. बाहेरून तो सांधा माशाच्या खवल्यांसारखा सुबक होता. आत मात्र वितळलेले पोलाद एका बाजूच्या नळीत शिरलेच नव्हते, नुसते तिच्यावर बसले होते. आम्ही दोघेही काही बोललो नाही. वाढदिवसाला नऊ दिवस उरले होते.

नव्या कमानीचे काम त्याने त्या विद्येत मुरलेल्या एका कारागिराकडे सोपविले, आणि मोजमाप, कापाकापी तेवढी स्वतःकडे ठेविली. ज्या वाचकांच्या घरी असा कोणी हौशी असेल, त्यांच्यासाठी ते थोडक्यात सांगतो. रस्त्यावरच्या मोटारीस शर्यतीचे नियम लागू नसले तरी त्याने तेच प्रमाण मानले. कमानीस बिनसांध्याची, ४५ मिलिमीटर व्यासाची व अडीच मिलिमीटर जाडीची पोलादी नळी घेतली. पाण्याचा नळ किंवा धुराची नळी येथे चालत नाही. कमानीचा माथा, शिरस्त्राण घालून बसलेल्या माणसाच्या डोक्याहून निदान ५ सेंटिमीटर उंच ठेविला. दोन टेकू कमानीच्या वरच्या वळणांजवळून निघून मागे उतरले, उभ्या रेषेशी ३० अंशांहून कमी कोन न करता, आणि अगदी सरळ. कारण वाकविलेला टेकू दाब येताच आणखी वाकतो. कमानीच्या पोटात एक तिरपी नळी आली, ती आमची पाचवी काडी. टेकूंचे पाय सांगाड्याच्या नळीच्या मध्येच न टेकविता, जेथे अनेक नळ्या एकत्र येतात अशा सांध्यावर टेकविले. प्रत्येक पायाखाली जाड पोलादी पत्रा दिला; कमानीच्या मुख्य पायांखालचा पत्रा निदान ३ मिलिमीटर जाडीचा व १२० चौरस सेंटिमीटरांचा असावा असे प्रमाण आहे. सांगाड्याच्या पातळ नळीवर थेट भार दिला, तर कमान न मोडताही ती खालचे पोलाद फोडून आत घुसते.

पट्ट्यांच्या बाबतीतही तेच. पोकळ नळीला आरपार भोक पाडून बोल्ट आवळला तर नळी चेपते. म्हणून भोकात आधी जाड भिंतीची पोलादी नळकांडी वेल्ड करून घेतली, आणि मग तीत ७/१६ इंचाचे कडीचे बोल्ट बसविले. अशा प्रत्येक जागेने सुमारे दीड टन ओढ सोसावी, असे नियम म्हणतात. कमरेचे पट्टे पोटावर न येता कमरेच्या हाडांवर घट्ट बसतील असे खाली घेतले, आणि मांड्यांमधून वर येणारा पाचवा पट्टा घातला. रिंटची गोष्ट ऐकल्यावर तो टाळण्याची छाती कोणाला होईल? डोके लागण्याचा संभव असलेल्या नळीवर घट्ट प्रकारचे अस्तर चढविले, कारण शिरस्त्राणाशिवाय हिंडणाऱ्याच्या डोक्याला हीच कमान हातोड्यासारखी लागते. मुलामा मात्र यावेळी दिला नाही. साधा काळा रंग दिला.

वाढदिवस तसाच गेला. नात दोन दिवस बापाशी बोलली नाही, आणि "तुमच्या काड्यांमुळे झाले हे सगळे," असे आम्हांस स्पष्ट ऐकविण्यासही तिने कमी केले नाही. आम्ही ते मुकाट्याने ऐकून घेतले. आरंभीच मान डोलाविली नसती, तर तिचा दिवस हुकला नसता, ही टोचणी आमची आम्हांस होती. मोटारीची सरकारी तपासणीही त्यामुळे पुढे गेली. तिकडे घरी बांधलेली मोटार रस्त्यावर आणण्यापूर्वी ती एकेकटी तपासून मान्य करून घ्यावी लागते, आणि पट्टे कोठे व कसे अडकविले आहेत हे त्या तपासणीत पाहतात.

निघण्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी पुतण्याने आम्हां सर्वांना शेडमध्ये नेले. मोटारीची पाठ, त्याने भाकीत केल्याप्रमाणे, पूर्वीइतकी सुंदर राहिली नव्हती. दोन काळे टेकू तिच्यावरून आडदांडपणे मागे उतरले होते. आम्ही कमान दोन्ही हातांनी धरून ढकलली. मोटार आपल्या चाकांवर डोलली, पण कमान जागची हलली नाही.

मग वहिनी कोणी न सांगताच पुढे झाल्या, आणि पातळ सावरीत त्या आसनात उतरल्या. नातीने स्वतःच्या हातांनी त्यांचे पट्टे बांधले व आवळले. वहिनींनी क्षणभर डोळे मिटले, खांदे एकदा पुढे घेऊन पाहिले, आणि मुलाकडे वळून म्हणाल्या, "आता धरतो आहे. आता हिला बसव."